मणका सरकला, नस दबली, गॅप पडला : नक्की कशाला काय म्हणायचं?

प्रश्न (खानापूर) : आमच्या बाबांना उसाची मोळी उचलताना कंबरेत चमक भरली, आता डावा पाय पोटरीपर्यंत दुखायलाय. घरात सगळे मणका सरकला म्हणतात, शेजारचे काका नस दबली म्हणतात आणि एमआरआयच्या रिपोर्टात एल-४ एल-५ डिस्क बल्ज आणि लिगामेंटम फ्लेवम जाड झालंय असं लिवलंय. लिगामेंट म्हणजे स्नायूच काय? मराठीत नीट शब्द सांगा कोणीतरी, आईला समजावून सांगायचंय.

उत्तर : स्नायू नव्हे दादा. आज आपण मराठीत स्नायू म्हणतो तो मसल, कन्नडातही तसंच. पण सुश्रुतसंहितेत मांसाच्या पेशी ५०० आणि स्नायू ९०० असे वेगवेगळे मोजलेत, तिथं स्नायू म्हणजे सांधे बांधून धरणारे चिवट बंध. म्हणजे जुन्या अर्थानं तुमचं लिगामेंट स्नायूच होतं, पण आज तसं म्हटलं तर ऐकणारा मांस समजतो आणि घोटाळा होतो. शाळेच्या पुस्तकात अस्थिबंध आहे, तोच घ्या. अस्थिरज्जू पण चालतो म्हणतात लोक, मला नाही आवडत, कारण मज्जारज्जू (मणक्यांच्या आतून जाणारी नसांची मुख्य दोरी) शेजारीच असतो आणि दोन रज्जूंमध्ये माणूस गोंधळतो.
एल-४ एल-५ म्हणजे कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका, डिस्क म्हणजे त्यांच्यामधली चकती आणि बल्ज म्हणजे ती फुगून बाहेर येणं. आता मणक्याचे अस्थिबंध. मणक्यांच्या पुढून एक लांब पट्टा मानेपासून माकडहाडाकडे जातो, मागून दुसरा, आणि हा मागचा पट्टा कंबरेत अरुंद होत जातो म्हणूनच चकती बहुतेक वेळा मागे आणि एका बाजूला बाहेर येते आणि तिथल्या नसेला दाबते. तुमच्या रिपोर्टातला फ्लेवम म्हणजे पिवळा, त्यात लवचीक तंतू भरपूर म्हणून तो पिवळट दिसतो, तो मणक्यांच्या मागच्या कमानी जोडतो. वयानं जाड झाला की नसांची वाट अरुंद होते.

उत्तर (निपाणी) : आमच्याकडं उसण भरली, लचक भरली, चमक भरली हे तीन शब्द लोक सरमिसळ वापरतात, पण जुनी माणसं फरक करतात. उसण म्हणजे पाठीत धरून बसलेलं, श्वास घेतला तरी टोचणारं. लचक म्हणजे सांधा मुरगळून बंध ताणला गेला ते, कन्नडात त्याला उळुकु. दवाखान्याच्या बोर्डावर एलुबु मत्तु कीलु असतं त्यातला कीलु म्हणजे सांधा. आणि नस हा शब्द तर पार गोंधळाचा, शीर, नस, कन्नड नर, सगळ्यांत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू दोन्ही येतात. तुमच्या बाबांचं मज्जातंतूचं मूळ, म्हणजे मज्जारज्जूपासून तो तंतू निघतो ती जागा, दबलंय असं आईला सांगा.

उत्तर : गॅप पडलाय हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. एक्स-रे मध्ये खरं तर उलटं दिसतं, चकती झिजली की दोन मणक्यांमधली जागा कमी होते, गॅप वाढत नाही. आणि मणका सरकला हे प्रत्येक कंबरदुखीला लावू नका, कारण खरोखर मणका पुढं सरकणं हा वेगळा आजार आहे, स्पॉन्डिलोलिस्थेसिस, त्याचे उपचारही वेगळे. चकतीला गादी म्हटलं तरी चालतं, गादी बाहेर आली म्हणा, पण मणका सरकला नको. नवीन डॉक्टरकडं जाताना काय झालंय ते अशा नेमक्या शब्दांत तोंडी सांगितलं तर त्यांचा वेळ वाचतो, आणि रिपोर्ट बरोबर न्याच.

उत्तर (खानापूर) : धन्यवाद. म्हणजे बाबांचं, गादी बाहेर आलीय, मज्जातंतूचं मूळ दबलंय आणि मागचा पिवळा अस्थिबंध जाड झालाय. बरोबर?

उत्तर : बरोबर. पण ताई असाल का दादा ते माहीत नाही, एक गोष्ट शब्दाबाहेरची : बाबांना दोन्ही पायांत अचानक ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडकली तर थांबू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला न्या, रात्र असली तरी. आणि गावात कोणी झाडावरून किंवा गाडीवरून पडून पाठ-मान दुखते म्हणाला तर त्याला उठवून बाईकवर बसवायचं नाही, न हलवता अँब्युलन्स बोलवायची. तिथं मणका खरोखर मोडलेला असू शकतो.