ऐंशीच्या उंबरठ्यावरचा कर्करोग : केमो द्यावी की नको?

तापीकाठ (चोपडा तालुका)
आमच्या नानांना ७९ व्या वर्षी अन्ननलिकेचा कर्करोग निघाला असून तो यकृतापर्यंत पोचला आहे. जळगावच्या डॉक्टरांनी केमो सुचवली आहे, पण माझा तिला विरोध आहे. दोन वर्षांपूर्वी काकांना पूर्ण मात्रेची केमो दिली, तेव्हा दुसऱ्या खेपेनंतर कळण्याची भाकरी दुधात कुस्करूनही त्यांच्या घशाखाली उतरेना, आणि महिनाभरात ते गेले. नानांना घरीच ठेवावे, असे आम्ही भावंडांनी ठरवत आणले आहे.

अमळनेरकर
काकांचा अनुभव नानांना लावणे मला पटत नाही. वयाचा आकडा म्हणजे ताकद नव्हे (आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांची जन्मतारीख तर बहुधा गुरुजींनीच १ जून अशी मांडलेली असते). माझ्या आईला ७४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा ‘आता कशाला चिरफाड’ असे सगळे म्हणत होते. शस्त्रक्रिया झाली आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. गाठ लहान असल्यामुळे किरणोपचार मात्र डॉक्टरांनीच टाळले. आज सहा वर्षांनी ती गच्चीवर पापडांची राखण करते.

निवृत्त परिचारिका, धुळे
अमळनेरकर, आपल्या आईचा आजार वेगळा होता; सुरुवातीची गाठ आणि पसरलेला रोग यांची तुलना होत नाही. तापीकाठ, आपणही ‘पूर्ण केमो की काहीच नाही’ एवढेच दोन पर्याय धरले आहेत. नाना खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत बसायला किती वेळ घेतात, वजन किती उतरले, विसरभोळेपणा आहे का, हे आधी पाहावे लागते. २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत सत्तरीपुढच्या ज्या रुग्णांच्या डॉक्टरांना अशा तपासणीचा अहवाल दिला होता, त्यांच्यात तीव्र दुष्परिणाम ५१ टक्के, तर इतरांत ७१ टक्के दिसले. त्याच वर्षीच्या एका ब्रिटिश चाचणीत अन्ननलिका व जठराच्या पसरलेल्या कर्करोगात अशक्त वृद्धांना ६० टक्के मात्रा दिली, तरी रोग जवळपास तेवढाच आटोक्यात राहिला. केमो नको असेल, तरी गिळता यावे म्हणून अन्ननलिकेत जाळीची नळी बसवता येते. त्याला हात वर करणे म्हणत नाहीत.

तापीकाठ
नळीचे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. मात्रा कमी केली तरी केमोनंतर ताप येऊ शकतो, आणि आमच्या गावातून रात्री गाडी मिळवून जळगाव गाठायला दीड तास जातो, त्याचे काय?

अमळनेरकर
हा मुद्दा मान्य. पण नाना काय म्हणतात, ते धाग्यात कुठेच आले नाही.

तापीकाठ
त्यांना आम्ही ‘सूज आहे’ एवढेच सांगितले आहे. काल त्यांनीच विचारले, “सुजेसाठी एवढे कागद कशाला?” शनिवारी डॉक्टरांसमोर सगळे सांगणार आहोत, आणि नळीचेही विचारू. केमोबद्दलचे माझे मत मात्र अजून तेच आहे.