बहीण पुन्हा त्याच घरी गेली आहे. आता मी नेमके काय करावे?

मोठी_बहीण:
माझी धाकटी बहीण गेल्या महिन्यात तिच्या ४ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली आणि अकराव्या दिवशी नवऱ्याकडे परत गेली. मारहाण रोजची नाही, वर्षातून दोन-तीनदा होते; एरवी तो शांत असतो आणि शेजारीपाजारी त्याचे गुणच गातात. मात्र तिचा पगार त्याच्या खात्यात जमा होतो, तिच्या फोनचा पासवर्ड त्याला ठाऊक आहे आणि दुकानातून यायला उशीर झाला, तर पावतीवर छापलेली वेळ त्याला दाखवावी लागते. माझ्याकडे आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. सर्दी असेल असे मला वाटले. तिसऱ्या दिवशी तिने सांगितले की त्याने गळा दाबला होता.

ती परत निघाली तेव्हा मी रागाच्या भरात म्हणाले, "आता पुन्हा काही झाले तर मला सांगू नकोस." ते वाक्य मला झोपू देत नाही. मी त्याला जाब विचारू का? तिला न विचारता पोलिसांत जाऊ का? आणि तिचा फोनच त्याच्या हातात असताना तिच्यापर्यंत मदत पोहोचवायची तरी कशी?

कंदील:
ताई, मी काही वर्षे महिलांच्या हेल्पलाइनवर काम केले आहे, म्हणून आधी गळ्याविषयी लिहितो. "मारहाण वर्षातून दोन-तीनदाच होते" या हिशेबात ही घटना बसवू नका. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे खून होण्याची शक्यता छळ सोसणाऱ्या इतर स्त्रियांच्या तुलनेत सात पटींच्या आसपास होती. बाहेरून वळ दिसत नाही म्हणून इजा नाही असेही समजू नये. मानेतील रक्तवाहिनीला आतून दुखापत झाली, तर काही दिवसांनीही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. आवाज बसणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत रक्ताचे ठिपके दिसणे, सतत डोके दुखणे यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना "गळा दाबला होता" असे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. त्यामुळे योग्य तपासणी होते आणि त्याची नोंदही राहते.

त्याला जाब विचारू नका. आपण बोललात की तिने घरातली गोष्ट बाहेर सांगितली हे त्याला कळेल, आणि त्याची किंमत दार बंद झाल्यावर ती मोजेल. स्त्री घर सोडण्याच्या तयारीत असते तो काळ आणि सोडल्यानंतरचे काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, म्हणून तयारी गाजावाजा न करता करावी लागते. पोलिसांचे म्हणाल, तर या क्षणी मारहाण चालू आहे असे समजले, तर संमतीची वाट न पाहता तातडीच्या क्रमांकावर फोन करा. एरवी मात्र तिच्याशी बोलल्याशिवाय तक्रार करू नये, कारण आधीच सगळे निर्णय दुसराच कोणी घेत असलेल्या बाईच्या आयुष्यात आपण आणखी एक निर्णय घेणारे होऊ नये.

हेल्पलाइनला आपण स्वतः, आपल्या फोनवरून संपर्क साधू शकता. नातेवाइकांशीही तेथे बोलतात. आसरागृहात मुलीसह राहता येते का, तेथील पत्ता गुप्त ठेवतात का, नवऱ्याला जवळ येण्यास मनाई करणारा न्यायालयाचा आदेश किती लवकर मिळतो, वकील मोफत मिळेल का, आणि लहान मूल घरात आहे म्हणून सांगितलेली माहिती पुढे कोणाला कळवणे त्यांना बंधनकारक आहे का, हे नेमके विचारून घ्या. तिच्या फोनचा पासवर्ड एकाएकी बदलायला सांगू नका; त्याला लगेच संशय येईल. माहितीची शोधाशोध आपल्याच फोनवर करा; फोटो आणि कागदपत्रांच्या प्रतीही आपल्याकडेच ठेवा.

आडवाट:
मी चौथ्या वेळी बाहेर पडले तेव्हा परतले नाही. आधीच्या तीन वेळा का परतले, याचे एक कारण सांगता येत नाही: स्वतःचे पैसे नव्हते, मुलाची शाळा मध्येच सोडवायची नव्हती, नवऱ्याने रडून माफी मागितली होती, आणि सोडलेस तर शोधून काढीन असे त्याआधी म्हटलेही होते. प्रत्येक वेळी माझ्याकडची माणसे कमी होत गेली, कारण "एवढे सांगूनही ही ऐकत नाही" म्हणून लोक कंटाळले. एक मैत्रीण तेवढी कंटाळली नाही. ती दर गुरुवारी फोन करायची आणि विणकामाविषयी बोलायची. तो शेजारी बसून ऐकायचा आणि त्यालाच कंटाळा यायचा. "आठ नंबरची सुई मिळाली का?" असे मी विचारले की तिने लगेच गाडी घेऊन यायचे, असे आमचे ठरले होते. माझ्या कागदपत्रांच्या प्रती आणि घराची जादा किल्ली तिच्या लोकरीच्या पिशवीत वर्षभर पडून होती.

तेव्हा आधी ते वाक्य मागे घ्या. लांबलचक माफी नको. "कधीही ये, मी काही विचारणार नाही" एवढे पुरे आहे, आणि तेही प्रत्यक्ष भेटीत, फोनवर लिहून नव्हे.

समजूतदार:
माझे मत कदाचित आवडणार नाही, पण घरातील वडीलधाऱ्यांनी दोघांना समोरासमोर बसवून बोलणे आधी करून पाहायला नको का? राग कोणाला येत नाही, आणि टाळी एका हाताने वाजत नाही.

कंदील:
आपला हेतू चांगला आहे, पण रागाचा हा खुलासा पटत नाही. राग अनावर होणारा माणूस वरिष्ठांवर किंवा शेजाऱ्यांवरही हात उगारेल. हा गृहस्थ फक्त बंद दाराआड, फक्त एकाच व्यक्तीवर उगारतो, आणि पावतीवरची वेळ तर अगदी थंड डोक्याने तपासतो. ही टाळी नव्हे, हा पहारा आहे. समोरासमोरच्या बैठकीत ती त्याच्यासमोर खरे बोलू शकत नाही, आणि बोललीच तर रात्री त्याच्याबरोबर एकटी असते. हिंसा करणाऱ्या पुरुषांसाठी वेगळे समुपदेशन असते. त्याने ते जरूर घ्यावे, पण तो सुधारेपर्यंत तिने थांबावे अशी अट घालू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे ५१,१०० स्त्रिया व मुलींचा खून जोडीदाराने किंवा कुटुंबातीलच कोणी केला, म्हणजे दिवसाला सरासरी १४०. घरातले घरातच मिटवा, असे यांपैकी कितीजणींना सांगितले गेले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

मोठी_बहीण:
सर्वांची आभारी आहे. काल हेल्पलाइनशी पाऊण तास बोलले. त्याच्याकडे शस्त्र आहे का, जिवे मारण्याची धमकी दिली आहे का, तो पाळत ठेवतो का, असे त्यांनी विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला माहीत नाहीत हे तेव्हा लक्षात आले. गळ्याचे ऐकून त्यांनीही तपासणी लांबवू नका असे सांगितले. मुलीच्या लसीकरणाचे निमित्त करून शुक्रवारी दोघींना दवाखान्यात न्यायचे ठरले आहे. डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवले आहे; बहिणीला त्यांच्याजवळ एकटीला बोलता यावे म्हणून मी मुलीला घेऊन बाहेर बसेन. मधल्या दिवसांत तिला काही लिहून पाठवणार नाही.