देश लवादाचा निकाल का पाळतात, हे कसे अभ्यासावे?

प्रश्न (टीवायबीएची विद्यार्थिनी, विलेपार्ले):
राज्यशास्त्र हा माझा विषय आहे आणि पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करण्याचा विचार आहे. वास्तववाद, सत्तासंतुलन वगैरे सिद्धान्त परीक्षेपुरते तयार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ३३ मध्ये वाटाघाटी, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालयीन निवाडा असे शांततेचे मार्ग सांगितले आहेत, हेही ठाऊक आहे. मात्र एखादे सार्वभौम राष्ट्र आपल्या भूमीचा प्रश्न परक्यांच्या हाती का सोपवते आणि निकाल मनाविरुद्ध लागला तरी तो का मानते, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, दादर):
तुमचा प्रश्न योग्य आहे. सिद्धान्त काही काळ बाजूला ठेवून एकच वाद मुळापासून वाचून काढा, असे मी सुचवेन आणि त्यासाठी कच्छच्या रणाचा वाद घ्या. एप्रिल १९६५ मध्ये तेथे भारत-पाकिस्तान चकमकी झाल्या, ब्रिटनने मध्यस्थी केली आणि ३० जून १९६५ रोजी करार झाला. त्या करारातच, लवादाचा निर्णय दोन्ही सरकारांवर बंधनकारक राहील व कोणत्याही कारणास्तव त्याला आव्हान देता येणार नाही, असे लिहून घेतले होते. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या कलमात आहे, कारण निकाल कोणाच्या बाजूने जाईल हे माहीत नसताना दोघांनी शब्द दिला होता. भारताने युगोस्लाव्हियाचा, पाकिस्तानने इराणचा सदस्य नेमला आणि अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये निकाल लागला, तेव्हा वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे नऊ दशांश भाग भारताकडे राहिला. उरलेला दशांश सोडण्यावरून देशात मोठा विरोध झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तरीही सरकारने निकाल अमलात आणला. हा विरोध नीट अभ्यासा, कारण शांततेच्या मार्गाची किंमत कोणत्याही सरकारला आधी स्वतःच्या लोकांसमोर मोजावी लागते आणि आपल्या अभ्यासक्रमात या बाजूकडे फार दुर्लक्ष होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच सीमेवरील सर क्रीक ही खाडी मात्र त्या लवादापुढे नव्हती आणि तो वाद आजही सुटलेला नाही. त्याचे मूळ मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावात आहे, कारण सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. पाकिस्तान त्याच ठरावाच्या आधारे खाडीचा पूर्व किनारा ही सीमा मानतो, तर भारत त्याच ठरावाच्या आधारे प्रवाहाचा मध्य धरतो. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याचे दप्तर आहे. ते कसे चाळायचे हे एम.ए.पूर्वीच शिकून घ्या.

विद्यार्थिनी:
मनःपूर्वक आभार, सर. पण एक शंका राहते. लवाद नाही आणि वाटाघाटीही थंडावल्या आहेत, अशा काळात अभ्यास कशाचा करायचा?

उत्तर (मच्छीमार सहकारी संस्थेतील कार्यकर्ता, वर्सोवा):
त्या काळात चालू राहणाऱ्या लहान व्यवस्थांचा करावा. पालघर जिल्ह्यातील कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात सीमेची खूण नसते, त्यामुळे बोट पलीकडे गेली की पाकिस्तानी यंत्रणा खलाशांना पकडते व बोट जप्त करते. सजा भोगून झाल्यावरही राष्ट्रीयत्वाची पडताळणी होईपर्यंत माणूस अडकून पडतो आणि इकडे घरची कमाई थांबते. यासाठी २००८ चा वकिलातीय संपर्काचा (म्हणजे परदेशात कैदेत असलेल्या आपल्या माणसांना आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी भेटण्याचा) भारत-पाकिस्तान करार वाचावा. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातील कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या देतात आणि संबंध अत्यंत ताणलेले असतानाही हे काम चालू राहिले आहे. आपले परराष्ट्र मंत्रालय त्या दिवशी निवेदन काढते. मागील काही वर्षांची निवेदने शेजारी ठेवून पाहावीत: यादीत मच्छीमार किती होते, सजा पूर्ण झालेल्यांच्या सुटकेची मागणी केव्हा केली आणि प्रत्यक्ष सुटका केव्हा झाली. प्रबंधासाठी एवढी सामग्री पुरेशी होईल.