नाशिकमध्ये संध्याकाळची मराठी एए मीटिंग कुठे भरते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
धाकटा भाऊ पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस राहून मागच्या आठवड्यात घरी आला. दारू बंद आहे, पण खरी परीक्षा आता सुरू झालीय. संध्याकाळी सात वाजले की त्याचा पाय हलायला लागतो, मग उगाच चपला घालतो, काढतो. आई चहा पुढे करते. किती चहा पाजणार!

निघताना तिथल्या समुपदेशकांनी बजावलं होतं की गावात गेल्यावर एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंग सोडू नका. फी नसते, पूर्ण नाव सांगावं लागत नाही, एवढं माहीत आहे. पण तो अडून बसलाय: "ओळखीचं कोणी भेटलं तर?" (दारूच्या दुकानाबाहेर रांगेत उभं राहताना ही लाज कुठे होती, हे मी गिळून टाकलं.)

सिडको किंवा पंचवटीच्या बाजूला सातनंतरची मीटिंग कुठे असते? पहिल्या दिवशी बोलावंच लागतं, की नुसतं ऐकत बसलं तरी चालतं? एकटा जाणार नाही म्हणतो, म्हणून मला सोबत बसता येईल अशी ओपन मीटिंग हवी. क्लोज्डला घरच्यांना बसता येत नाही ना?

आणि वहिनीसाठी अल-अनॉनचा (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा) गट जवळपास असेल तर तोही सांगा. तिचं कोणी विचारतच नाही.

इथे लिहायचं नसेल तर मेसेज करा. नावं कुठेही जाणार नाहीत.