पेंड्युलम: गिटार आली म्हणून ड्रम अँड बेस गेला?

2008 च्या 'इन सिलिको' या दुसऱ्या अल्बमपासून पेंड्युलम या ऑस्ट्रेलियन बँडने ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम आणि जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत) सोडून रॉक धरला, हे म्हणणं अर्धंच खरं आहे. बँडचे संस्थापक रॉब स्वायर आणि गॅरेथ मॅकग्रिलन मुळात ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मेटल बँडमधले. 2002 मध्ये डीजे पॉल हार्डिंग सोबत आला आणि वर्षभरात मंडळी इंग्लंडला पोचली. म्हणजे गिटार मागाहून चिकटवलेली नाही.

तालाचा सांगाडा ऐका. वेग मिनिटाला 174 ठोक्यांच्या आसपास, म्हणजे एक ठोका सुमारे 345 मिलिसेकंदांचा. स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्यावर आणि तिसऱ्यानंतर अर्ध्या ठोक्याने. हे 'इन सिलिको'मध्येही आहेच! त्यांच्या स्नेअरचा दणका 200 हर्ट्झजवळ बसतो. अडचण होते ती इथेच: डिस्टॉर्शनची (मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची) गिटार नेमकी त्याच पट्ट्यात भरते. नुसता आवाज वाढवला तर सगळा चिखल. गिटारचा खालचा भाग कापून आवाजाचा खोलपणा सब-बेसकडे (सर्वात खालच्या बेसकडे) सोपवावा लागतो, आणि किक पडताना बेस क्षणभर दाबावा लागतो. घरी नक्कल करणारे बहुतेक जण हे दाबणंच विसरतात.

'इमर्शन' हा पुढचा अल्बम 2010 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. खरा खंड पडला तो त्यानंतर, स्वायर-मॅकग्रिलन 'नाइफ पार्टी' या आपल्या दुसऱ्या जोडीत रमल्यामुळे. 2016 मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात पेंड्युलम परतला, पण पुढचा पूर्ण अल्बम, 'इनर्शिया', थेट 2025 मध्ये आला.