ब्रेक्झिटला मराठीत काय म्हणाल : घटस्फोट, फारकत की वेगळी चूल?

विचारणा : ‘ब्रेक्झिट’ला मराठी शब्द हवा आहे. वर्तमानपत्रांत ब्रेक्झिट, ब्रेग्झिट, ब्रेक्सिट असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. घटस्फोट, काडीमोड, बहिर्गमन हेही वाचलं. ब्रिटननं युरोपीय संघात, म्हणजे युरोपातल्या देशांच्या संघटनेत, राहावं की ती सोडावी यावरचं २०१६चं सार्वमत नववीच्या मुलांना समजावून सांगायचं आहे. कोणता शब्द वापरू?

प्रतिसाद : ताई, लेखनाचं आधी उरकतो. इंग्रजीतच या शब्दाचे दोन उच्चार चालतात, एक ‘क्स’चा, एक ‘ग्झ’चा, त्यामुळे आपल्याकडेही दोन्ही आले. आपण ‘एक्झिट’ लिहितो म्हणून मी ‘ब्रेक्झिट’ लिहितो. तुम्ही काहीही घ्या, फक्त अख्ख्या धड्यात एकच ठेवा. शब्द २०१२चा. ग्रीस युरो चलनातून बाहेर पडतो की काय, या चर्चेत त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ‘ग्रेक्झिट’ निघाला आणि मे महिन्यात ब्रिटिश वकील पीटर वाइल्डिंग यांनी त्याच धर्तीवर ब्रिटन आणि एक्झिट जोडून ब्रिटनसाठी शब्द बनवला. म्हणजे मतदानाच्या चार वर्षं आधीच नाव ठेवून झालं होतं.

खरी अडचण अर्थाची आहे. मी वर्तमानपत्रात भाषांतराच्या टेबलावर काम करतो. २४ जून २०१६ला आपल्याकडे सकाळी नऊच्या सुमारास निकालाचा कल स्पष्ट झाला आणि मी घाईत मथळा दिला, ‘ब्रिटनचा युरोपशी घटस्फोट’. दुसऱ्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. म्हणाले, “घटस्फोट दोघांत होतो. इथे एका बाजूला एक देश आणि दुसऱ्या बाजूला सत्तावीस. आणि युरोपशी कसा? ब्रिटन युरोप खंड उचलून कुठे नेणार आहे?” दोन्ही चुका माझ्याच होत्या. तिसरी मला नंतर कळली. त्या दिवशी काहीच तुटलं नव्हतं. सोडत असल्याची लेखी नोटीस गेली २९ मार्च २०१७ला, प्रत्यक्ष सदस्यत्व संपलं ३१ जानेवारी २०२०च्या रात्री अकरा वाजता आणि जुने व्यापारी नियम त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालू राहिले. मथळ्यानं साडेतीन वर्षांचं भांडण एका शब्दात मिटवून टाकलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नामाकडे नंतर बघू, आधी क्रियापद बघा. मतपत्रिकेवरचा प्रश्न मराठीत साधारण असा होईल : ‘युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचा सदस्य राहावे की युरोपीय संघ सोडावा?’ खाली दोन चौकोन, ‘सदस्य राहावे’ (इंग्रजीत ‘रिमेन’) आणि ‘संघ सोडावा’ (‘लीव्ह’). आधी हा प्रश्न ‘सदस्य राहावे का?’ असा, हो किंवा नाही म्हणण्याचा होता. त्यात ‘राहावे’कडे झुकतं माप पडतं असं वाटण्याजोगं आहे, म्हणून तिथल्या निवडणूक आयोगानं २०१५मध्ये शब्दरचना बदलायला सांगितली. एका क्रियापदावर किती विचार होतो, याचं मुलांना दाखवण्यासारखं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एवढं करूनही घोटाळा राहिलाच. ‘सोडणे’ला आपल्याकडेही पुढचं वाक्य लागतं. नोकरी सोडली म्हटलं की आपण लगेच विचारतो, मग आता कुठे? मतपत्रिकेवर ‘मग कुठे’ नव्हतं. ५१.९ टक्के लोकांनी सोडण्याच्या बाजूनं मत दिलं, ४८.१ टक्क्यांनी राहण्याच्या. पण सोडणाऱ्यांतही एकाला नॉर्वेसारखं हवं होतं, म्हणजे सदस्यत्व नाही पण बाजार एकच. दुसऱ्याला तुर्कस्तानासारखं जकातीपुरतं नातं चालणार होतं. तिसऱ्याला कसलंच बंधन नको होतं. पंतप्रधान थेरेसा मे म्हणत, ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’. शब्दाचा अर्थ म्हणून तोच शब्द पुन्हा दिला की कोश बंद पडतो, तसं तिथं झालं. १५ जानेवारी २०१९ला त्यांनी संघाशी केलेला बाहेर पडण्याचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. विरोधात मत देणाऱ्यांत संघ अजिबात सोडू नये म्हणणारे होते आणि हे सोडणं पुरेसं नाही म्हणणारेही होते. एकाच क्रियापदाचे दोन टोकांचे अर्थ करणारी माणसं एकाच दारातून मत द्यायला गेली.

इथे मला आपला ‘वेगळी चूल मांडणे’ फार जवळचा वाटतो. एकत्र कुटुंबात भाऊ वेगळा निघाला म्हणजे नेमकं काय वेगळं झालं, हे प्रत्येक घरात निराळं असतं. कुणाची चूल वेगळी पण विहीर सामाईक. कुणाचं अंगण एक, पण मधे कूड. कुणाच्या सातबाऱ्यावर अजून सगळ्यांची नावं. ब्रिटनमधलं भांडण चुलीवरून थोडं आणि विहिरीवरून जास्त होतं. बाजारपेठ सामाईक ठेवायची की नाही, ठेवली तर विहिरीचे नियम पाळायचे का, आणि नियम ठरवताना बैठकीत आपल्याला जागा असणार का. मुलांना हे लगेच कळेल, कारण अशी एखादी विहीर त्यांनी पाहिलेली असते किंवा आजीकडून ऐकलेली असते.

आता तुमच्या यादीतले शब्द. ‘बहिर्गमन’ अर्थानं चूक नाही, पण तो सभागृहातून उठून जाण्याला इतका चिकटलाय की निषेधाची छटा आपोआप येते. ‘काडीमोड’मध्ये काडी मोडली की संपलं, हिशेब नाही. ‘फारकत’ मात्र थांबून बघण्यासारखा आहे. मूळ शब्द फारखत. अरबीतला ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे लेख. देणं-घेणं फिटलं, आता तू मोकळा, असं लिहून दिलेला कागद म्हणजे फारखत. नवराबायकोच्या वेगळं होण्याला तो शब्द पुढे लागला, आणि आज आपण ‘वस्तुस्थितीशी फारकत’ म्हणतो तेव्हा कागद आणि हिशेब दोन्ही विसरलेले असतो.

पण ब्रिटनला साडेतीन वर्षं लागली ती या कागदालाच! आधी कबूल केलेल्या खर्चाचा वाटा किती द्यायचा (आकडा ३९ अब्ज पौंडांपर्यंत सांगितला जात होता), एकमेकांच्या देशात राहणाऱ्या नागरिकांचे हक्क कोणते, आयर्लंडच्या सीमेचं काय. हे सगळं त्या फारखतीत बसवायचं होतं. म्हणून करारासाठी मी ‘फारखत’ वापरीन आणि घटनेसाठी साधं ‘संघातून बाहेर पडणे’. एकाच शब्दात दोन्ही कोंबू नयेत.

आयर्लंडचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. ‘ब्रेक्झिट’मधला ‘ब्रे’ ब्रिटनचा, आणि उत्तर आयर्लंड ग्रेट ब्रिटनमध्ये येतच नाही. युनायटेड किंगडममध्ये येतो. तिथे ५५.८ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूनं मत दिलं होतं आणि सगळ्यात बिकट गाठ तिथेच पडली, कारण शेजारचा स्वतंत्र आयर्लंड देश संघातच राहणार होता आणि संघाची जमिनीवरची नवी हद्द त्यांच्याच शेताबांधावरून जाणार होती. सुमारे ५०० किलोमीटरची ती सीमा १९९८च्या शांतता करारानंतर रस्त्यावर जवळजवळ दिसेनाशी झाली होती. त्या वाटाघाटींत आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. वडिलांकडून त्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. धड्यात हे आडनाव आपल्या वळणानं ‘वराडकर’ असंच लिहा.

पुढचा प्रश्न आला : ‘सार्वमत’ बरोबर की ‘जनमत चाचणी’? आणि युरोपीय ‘संघ’ की ‘महासंघ’?

‘चाचणी’ नको. निवडणुकीआधी वाहिन्या घेतात ती मतचाचणी, तिच्याशी गल्लत होते. एक खरं की कायद्याच्या भाषेत २०१६चं मतदान सरकारला बांधणारं नव्हतं. नोटीस द्यायची तर संसदेचा कायदा हवा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१७मध्ये ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं. तरी ‘सार्वमत’च ठेवा.

गोव्याच्या वाचकांना मात्र ‘जनमत कौल’ हा शब्द जास्त ओळखीचा असेल. १६ जानेवारी १९६७ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर तिथे मतदान झालं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. १,७२,१९१ मतं दोन पानांना, १,३८,१७० फुलाला. ‘कौल’ शब्द तिथे शोभतोही, कारण कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात तो कळ्या-पाकळ्या नाहीतर पानं लावूनच. आणि कौल लावताना गाऱ्हाणं घालणारा प्रश्न घट्ट बांधून घेतो. ‘लग्न जमेल का’ असं मोघम विचारत नाहीत, ‘याच स्थळाशी करावं का’ असं विचारतात. १९६७च्या मतदाराला फूल निवडलं तर काय होणार आणि पानं निवडली तर काय, दोन्ही ठाऊक होतं. २०१६च्या मतदाराला एकच बाजू ठाऊक होती. दुसऱ्या सार्वमताची मागणी करणारे आणि ‘लोकांनी सांगितलं ते सांगितलं’ म्हणणारे यांचा वाद मला याच ठिकाणी सुरू झालेला दिसतो, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. कौल मानायला हवा हे बरोबर. कसला कौल होता, हे विचारणंही बरोबर.

‘महासंघ’ आपल्याकडे कर्मचाऱ्यांचा, शिक्षकांचा असतो, त्यामुळे ‘संघ’ बरा. पण संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात आपण ‘राज्यांचा संघ’ म्हणतो, तेव्हा तो एक देश असतो. युरोपीय संघ देश नाही. मग आहे काय, तर नेमका हाच ब्रिटनमधला जुना तंटा. १९७५मध्ये तिथे पहिलं देशव्यापी सार्वमत झालं, तेव्हा मतपत्रिकेवर ‘युरोपीय समुदाय’ आणि कंसात ‘सामाईक बाजार’ असं छापलं होतं. ६७.२ टक्क्यांनी राहण्याला हो म्हटलं. पुढे मास्ट्रिख्ट करारानं १९९३मध्ये ‘संघ’ हे नाव आलं. आम्ही बाजाराला हो म्हटलं होतं, संघाला नाही, ही सोडणाऱ्यांतल्या अनेकांची तक्रार होती. तिचा राग कितीही आला तरी ती शब्द नीट वाचणाऱ्याची तक्रार आहे.

इंग्लंडमधल्या स्विंडनहून एका गोव्याच्या ताईंनी लिहिलंय. तिथे पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले गोंयकार पुष्कळ आहेत. संघातल्या देशाचे नागरिक म्हणून त्यांना तिथे राहायला निराळी परवानगी लागत नव्हती. फारखत झाल्यावर लागली, आणि अर्जाची मुदत ३० जून २०२१ होती. त्या विचारतात, “आम्हाला मिळालेल्या दर्जाला कायद्यात ‘इन्डेफिनिट लीव्ह टू रिमेन’ म्हणतात. लीव्हही आणि रिमेनही! याचं मराठी काय?”

ताई, इंग्रजीत ‘लीव्ह’ हे दोन निराळे शब्द आहेत, जाणे आणि परवानगी, फक्त रूप एक झालंय. तुमच्या कागदावरचा परवानगीचा आहे. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, रजा. हाही अरबीतला, मूळ अर्थ संमती. ‘आता रजा द्या’ म्हणतो तेव्हा आपण जायची परवानगी मागत असतो. तुमच्या कागदावर मात्र जायची रजा नाही, राहायची रजा आहे, बेमुदत.