पोर्तोहून दोउरो व्हॅली, आईबाबांसोबत एका दिवसात, मदत हवी आहे

सप्टेंबरमध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तोत चार दिवस आहोत, मी, नवरा आणि माझे आईबाबा, त्यातला एक दिवस दोउरोला, म्हणजे दोउरो नदीकाठच्या वाइनच्या खोऱ्याला, द्यायचाय. गाइडवाल्या टूर बघितल्या, सगळ्यांचं साधारण तेच, सकाळी व्हॅन, दोन क्विंटा म्हणजे द्राक्षमळे, वाइन टेस्टिंग, जेवण, पिन्यांव या नदीकाठच्या गावात तासभर बोट. पण आईला घाट लागतो हो, पसरणी घाटात दोनदा गाडी थांबवलेली, आणि तिकडे रस्ता म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांतून वळणंच वळणं!! म्हणून वाटतंय पोर्तोच्या साओ बेंतो स्टेशनहून ट्रेनने पिन्यांवला जावं, अडीचेक तास लागतात, जाताना उजवीकडे बसलं की नदी दिसते आणि पिन्यांवच्या स्टेशनवर द्राक्षतोडणीची चित्रं असलेल्या निळ्या टाइल्स आहेत, त्या मला बघायच्याच आहेत. मग तिथून पुढे अर्ध्या दिवसाचा गाइड मिळतो का, की आधीच बुक करावा लागतो?

दुसरं, आई पीत नाही आणि शाकाहारी आहे, मासेसुद्धा नाही, तिला नुसता ब्रेड चघळत बसवायचं नाहीये. बाबांचं उलट, पोर्ट वाइन सरबतासारखी गोड लागते पण त्यात १९-२० टक्के अल्कोहोल असतं हे त्यांना कोण समजावणार 😅

तोडणीच्या दिवसांत कोणी गेलंय का? द्राक्षं तुडवायला खरंच देतात का?